ॲन्सनच्या फलकावर दोन ओळी वाढवा

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं एक छोटं गाव आहे. अमेरिकी बेसबॉलचं संग्रहालय आणि 'हॉल ऑफ फेम' तिथे आहे. एका लांबट दालनात ब्राँझचे फलक रांगेने लावलेले आहेत. वर खेळाडूचा चेहरा, खाली चार-सहा ओळींत त्याची कामगिरी. १९३९ पासून त्यात एड्रियन 'कॅप' ॲन्सनचा फलक आहे. एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा फलंदाज, १८७९ ते १८९७ शिकागोचा मॅनेजर, पाच वेळा विजेतेपद, वीस वर्षं उत्तम सरासरी, असं त्यावर लिहिलं आहे. त्याच्या खेळाबद्दल कुणाची तक्रार नाही. माझीही नाही. पण याच माणसाने मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाच्या खेळाडूबरोबर एका मैदानात उतरायला नकार दिला होता आणि पुढे तो नकार यशस्वी करून दाखवला होता. ते फलकावर नाही. ते तिथे कोरलं गेलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे बेसबॉल फारसा कुणी पाहत नाही, त्यामुळे वॉकर कोण हे आधी सांगायला हवं.

त्याचा जन्म ७ ऑक्टोबर १८५६ चा, ओहायोतल्या माउंट प्लेझंटचा. हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना तिथल्या घरांतून आसरा मिळत असे. पुढे कुटुंब स्टुबेनव्हिलला आलं. मुलगा शिकायला ओबरलिन कॉलेजात गेला. हे कॉलेज १८३५ पासून कृष्णवर्णीयांना प्रवेश देत होतं. त्या काळात अशी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. तिथे तो कॉलेजच्या संघाकडून खेळला, तिथून मिशिगन विद्यापीठात कायदा शिकायला गेला आणि तिथेही संघाचा कॅचर झाला. १८८३ मध्ये टोलीडोच्या क्लबने त्याला पगारावर घेतलं. त्या वर्षी टोलीडोने आपली लीग जिंकली आणि १८८४ मध्ये 'अमेरिकन असोसिएशन' या वरच्या दर्जाच्या लीगमध्ये त्यांना जागा मिळाली. १ मे १८८४ रोजी लुईव्हिलमध्ये वॉकर मैदानात उतरला. उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून सर्वोच्च पातळीवर खेळणारा तो पहिला खेळाडू. त्या मोसमात तो ४२ सामने खेळला. ज्याला सहसा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हटलं जातं तो जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनकडून उतरला, त्याच्या त्रेसष्ट वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

त्या काळी कॅचरचं काम काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पिचर ५० फुटांवरून पूर्ण ताकदीने चेंडू टाकतो. कॅचर फलंदाजाच्या मागे उभा. आज दिसतो तो जाडजूड ग्लोव्ह तेव्हा नव्हता. वॉकर कधी मेंढीच्या कातड्याचे साधे हातमोजे बोटं कापून, तळव्यात थोडं अस्तर भरून घालायचा आणि बहुतेक वेळा उघड्या हातांनीच चेंडू घ्यायचा. बोटं मोडणं रोजचंच. अशा वेळी कॅचरला एकच आधार असतो: पुढचा चेंडू कसा येणार हे त्याला आधी माहीत असतं, कारण खूण तोच करतो.

टोलीडोचा मुख्य पिचर टोनी मुलेन. म्हातारपणी, १९१९ मध्ये, त्याने स्वतःच कबूल केलं की वॉकर हा त्याला मिळालेला सर्वोत्तम कॅचर होता, पण काळ्या माणसाबद्दल मनात तिटकारा असल्याने तो त्याच्या खुणांकडे लक्षच देत नसे. एकदा वॉकरने वळणाऱ्या चेंडूची खूण केली आणि मुलेनने मुद्दाम सरळ, वेगवान चेंडू मारला. वॉकरने तो झेलला. मग चालत मुलेनपर्यंत गेला आणि म्हणाला, "मिस्टर मुलेन, खुणांशिवाय मी तुमचे चेंडू घेईन, पण मी खूण केल्यावर तुम्ही उलट टाकणार असाल तर घेणार नाही." त्यानंतर उरलेला मोसमभर काय येतंय हे ठाऊक नसताना तो मुलेनचे चेंडू घेत राहिला. जुलैत एका चेंडूने त्याची बरगडी मोडली.

त्या 'मिस्टर' शब्दापाशी मी नेहमी थांबतो. मनात आणलं तर हात कायमचा निकामी करू शकेल अशा माणसाशी तो बोलतोय, आणि तक्रार न मांडता कामाची अट घालतोय.

आता ॲन्सन. १० ऑगस्ट १८८३ ला त्याचा शिकागोचा संघ मैत्रीच्या सामन्यासाठी टोलीडोला आला. काळा माणूस मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही, असं त्यांनी कळवलं. वॉकरचा हात दुखत होता, त्या दिवशी तो खेळणारच नव्हता. पण हे ऐकल्यावर टोलीडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन चिडला. त्याने वॉकरला मुद्दाम उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभं केलं आणि ॲन्सनला निरोप पाठवला: खेळा, नाहीतर तिकिटांच्या पैशातला तुमचा वाटा विसरा. ॲन्सन खेळला. आज खेळतो, पण पुन्हा असं चालायचं नाही, असं बजावून.

'पुन्हा'ची तजवीज पुढच्याच वर्षी झाली. एप्रिल १८८४ मध्ये शिकागो क्लबच्या सचिवाने मॉर्टनला पत्र लिहिलं. ते टिकून आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. त्याचा आशय असा: क्लबच्या व्यवस्थापनाला या बाबतीत वैयक्तिक काही वाटत नाही. परंतु खेळाडूंचा ठाम विरोध आहे. क्लबमध्ये सलोखा राहावा म्हणून २५ जुलैच्या सामन्यात वॉकर कुठल्याही जागेवर खेळणार नाही, याची लेखी हमी द्यावी. वॉकर त्या दिवशी मैदानात उतरला नाही. आदल्या वर्षी ताठ उभा राहिलेला मॉर्टन या वेळी वाकला.

'आमचं वैयक्तिक काही नाही.' हे वाक्य मी मराठीत ऐकलं आहे. पुण्यात मित्रासाठी भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर दलालाने आधी भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर क्षणभर थांबला. "माझं काही नाही हो दादा, मालकांचंही काही नाही, पण सोसायटीत जरा..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. आम्ही त्या सोसायटीचे नियम मागितले असते तर त्यांत असं एकही कलम सापडलं नसतं. मग कुणाविरुद्ध तक्रार करायची? दलाल मालकाकडे बोट दाखवतो, मालक सोसायटीकडे, आणि सोसायटी म्हणजे कोण, तर 'लोक'.

शिकागोच्या पत्राची रचना हुबेहूब अशी आहे. व्यवस्थापन खेळाडूंकडे बोट दाखवतं, आणि खेळाडूंपैकी एकाचीही सही पत्रावर नाही. हमी मात्र लेखी हवी आहे, ती समोरच्याकडून.

इथे थोडं मागे जायला हवं. बंदी सुरुवातीला लेखी होती. डिसेंबर १८६७ मध्ये फिलाडेल्फियात हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना सदस्यत्व नाकारलं. कारण दिलं ते असं, की त्यांना घेतलं तर बहुधा मतभेद होतील आणि न घेतल्याने कुणाचंही नुकसान होणार नाही. कुणाचंही! त्याच शहरातला पिथियन नावाचा कृष्णवर्णीयांचा क्लब काही आठवडे आधी राज्य संघटनेच्या दारातून परतला होता. ठराव करणाऱ्यांच्या लेखी ते 'कुणी'मध्ये मोडत नव्हते. तरी त्या ठरावाचं एक बरं होतं: तो छापलेला होता, त्याच्याकडे बोट दाखवता येत होतं. चारच वर्षांत ती संघटना मोडली, धंदेवाईक लीगा आल्या, आणि वरच्या लीगांनी असा ठराव कधीच लिहिला नाही. म्हणूनच वॉकर १८८४ मध्ये आत येऊ शकला. आणि म्हणूनच त्याला बाहेर काढताना कुणालाही काही लिहावं लागलं नाही.

कायद्याकडेही जाण्यासारखं नव्हतं. १८७५ च्या नागरी हक्क कायद्याने खाणावळी, नाट्यगृहं, आगगाड्या अशा ठिकाणी वर्णावरून मज्जाव करायला बंदी घातली होती. ऑक्टोबर १८८३ मध्ये, टोलीडोच्या त्या सामन्यानंतर दोन महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. खासगी माणसाने केलेला भेदभाव संसदेच्या कक्षेत येत नाही, असं न्यायालय म्हणालं. बेसबॉलचा क्लब हा खासगी धंदाच होता.

१४ जुलै १८८७. वॉकर तेव्हा न्यूआर्कच्या संघात होता आणि पिचर होता जॉर्ज स्टोव्ही, तोही कृष्णवर्णीय, त्या मोसमात ३० हून अधिक सामने जिंकणारा. शिकागोचा संघ सामन्यासाठी आला. ॲन्सनने अट घातली. या वेळी कुणी तिकिटांच्या पैशाची भाषा केली नाही. स्टोव्ही आणि वॉकर दोघेही बाहेर बसले. मैदानावर प्रेक्षकांना सांगण्यात आलं की स्टोव्ही रुसला आहे. खरं कारण वर्तमानपत्रात नंतर आलं. ज्याला बाहेर ठेवलं, त्याच्याच माथी स्वभावाचा दोष मारला.

न्यूआर्कचा संघ 'इंटरनॅशनल लीग'मध्ये होता. त्याच दिवशी बफेलो शहरात त्या लीगच्या मालकांची बैठक झाली. यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत, असं सहा विरुद्ध चार मतांनी ठरलं. ही बैठक ॲन्सनमुळे झाली नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो त्या लीगचा नव्हताच. ॲन्सन नसता तर बंदी आली नसती, असं म्हणणारे त्या सहा मालकांना सोडून देतात, आणि मतदानात हरल्यावर गप्प बसलेल्या चौघांनाही. अशा प्रकरणांत एक खलनायक सापडला की बाकीचे सुखाने घरी जातात. मग ॲन्सनच्याच फलकावर का लिहायचं? कारण त्या दालनात भिंतीवर तो आहे. बफेलोतल्या मालकांचे फलक तिथे असते तर त्यांवरही लिहा म्हटलं असतं.

आधीचे करार असलेले खेळाडू थोडे दिवस राहिले. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूजकडून खेळला. त्यानंतर त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आला तो थेट १९४६ मध्ये, जॅकी रॉबिन्सन, माँट्रियलच्या संघातून. त्याचा पहिला सामना जर्सी सिटीत झाला. जर्सी सिटी म्हणजे न्यूआर्कचं शेजारी शहर.

मधल्या ५७ वर्षांत बंदी कुठेच नव्हती आणि सगळीकडे होती. १९४२ मध्ये बेसबॉलचे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी जाहीर केलं की निग्रो खेळाडूंना घेण्याविरुद्ध लेखी, अलिखित, छुपा कसलाही नियम नाही. लँडिस स्वतः न्यायाधीश राहिलेले. शब्दशः पाहिलं तर त्यांना खोटं ठरवणारा कागद कुणाकडे नव्हता. अलिखित नियमाचा खरा उपयोग तो चालवणाऱ्यांना हाच असतो. जॉश गिब्सनसारखा फलंदाज या काळात आयुष्यभर कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगांत खेळला आणि रॉबिन्सन उतरण्याच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी गेला. २०२४ मध्ये त्या लीगांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले तेव्हा कारकिर्दीतल्या सरासरीत त्याचं नाव सगळ्यांच्या वर आलं.

वॉकरचा धाकटा भाऊ वेल्डी हाही १८८४ मध्ये टोलीडोकडून पाच सामने खेळला होता. ओहायोतल्या एका लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंना मुभा देणारा नियम काढून टाकला, तेव्हा मार्च १८८८ मध्ये त्याने लीगच्या अध्यक्षांना उद्देशून लिहिलेलं पत्र एका क्रीडा साप्ताहिकात छापून आलं. हा नियम आजच्या युगाला लाजिरवाणा आहे. एखाद्याला वगळायचं तर क्षमता, वर्तन, बुद्धी यांचा अभाव असं काही मोठं कारण हवं, रंग नव्हे, असं त्यात होतं. समोरचे न लिहिता काम उरकत होते तेव्हा या भावाने आपलं म्हणणं छापून ठेवलं. मला इथे पळवणकर बंधू आठवतात. पुण्या-मुंबईच्या क्रिकेटमध्ये चांभार समाजातला माणूस हिंदू संघाचा कर्णधार होऊ शकत नाही, असं कुठल्या घटनेत लिहिलेलं होतं? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही बाळूला ते पद मिळालं नाही. १९२० मध्ये त्याला संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी माघार घेतली आणि कारणं देणारं निवेदन जाहीर केलं. त्या निवेदनामुळे आज आपल्याला नेमकं काय घडलं ते सांगता येतं. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाला.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी खरोखरच सर्वस्व पणाला लावलं होतं. वॉकर हा त्याच मुक्तीच्या हवेत वाढलेला मुलगा. माउंट प्लेझंट, ओबरलिन, गोऱ्या मुलांच्या शेजारी बाक, गोऱ्या संघात जागा. दार उघडं होतं, तो आत गेला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते लावलं गेलं. 'पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन' असं जेव्हा कुणी लिहितं तेव्हा वाचणाऱ्याची समजूत अशी होते, की दार मुळापासून बंद होतं आणि १९४७ मध्ये प्रथमच उघडलं. त्यात ते लावणारे हात दिसेनासे होतात. रॉबिन्सनच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. वॉकरला जागा दिल्याने त्यातलं काही उणं होत नाही.

खेळ सुटल्यावर वॉकरचं आयुष्य सरळ गेलं नाही, आणि त्याला साधुसंत करण्यात मला रस नाही. १८९१ मध्ये सिरॅक्यूजला रस्त्यावर गोऱ्या तरुणांशी झालेल्या भांडणात त्याच्या सुऱ्याने एकाचा जीव गेला. गोऱ्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. टपाल खात्यात नोकरीला असताना पत्रांतले पैसे चोरल्याबद्दल त्याला वर्षभराची शिक्षा झाली. त्याच्या नावावर पेटंटं होती. कॅडिझ गावात त्याने नाट्यगृह चालवलं, तिथे सिनेमे दाखवले. आणि १९०८ मध्ये त्याने एक पुस्तिका छापली. तिचा निष्कर्ष असा की अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कधीही समान वागणूक मिळणार नाही, त्यांनी आफ्रिकेला निघून जावं. ओबरलिनमध्ये शिकलेला, मिशिगनकडून खेळलेला, दोन्ही वंशांनी एकत्र राहावं याचं चालतंबोलतं उदाहरण असलेला माणूस बावन्नाव्या वर्षी या मताला आला. त्याचं म्हणणं मला पटत नाही. पण तो तिथपर्यंत कोणत्या वाटेने गेला ते मला न्यूआर्कच्या त्या बाकावरून दिसतं. ११ मे १९२४ ला क्लीव्हलंडमध्ये तो वारला. स्टुबेनव्हिलच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर साठ वर्षांहून अधिक काळ नावाचा दगड नव्हता. तो पुढे ओबरलिनच्या लोकांनी बसवला.

माझ्या मागणीवर दोन आक्षेप येतात. एक म्हणजे, ॲन्सन त्याच्या काळाचा माणूस होता. असेल. पण मॉर्टनही त्याच काळाचा होता, आणि १८८३ च्या ऑगस्टमध्ये त्याने दुसरी बाजू घेतली. टोलीडोच्या क्लबने वॉकरला पगार दिला तोही त्याच काळात. वेल्डीचं पत्र छापणारा संपादक त्याच काळाचा. काळाने ॲन्सनसमोर दोन्ही वाटा ठेवल्या होत्या.

दुसरा आक्षेप असा, की फलक खेळातल्या कामगिरीचा असतो, त्यात बाकीचं आणू नये. हा मला जास्त वजनदार वाटतो, कारण खुद्द रॉबिन्सननेही १९६२ मध्ये आपला विचार केवळ खेळावरून व्हावा असंच म्हटलं होतं, आणि त्याच्या मूळ फलकावर वर्णाचा शब्दही नव्हता. पण २००८ मध्ये हॉल ऑफ फेमने तो फलक उतरवला आणि नवा लावला. त्यावर आता असं आहे की १९४७ मध्ये तीव्र प्रतिकूलतेला तोंड देत त्याने 'आधुनिक' प्रमुख लीगांमधला वर्णभेद मोडला. म्हणजे फलक बदलता येतात, आणि मैदानाबाहेरचं वाटणारं सत्य त्यावर बसतं, हे संस्थेने स्वतःच मान्य केलं आहे. त्या वाक्यातला 'आधुनिक' हा शब्द पाहा. तो तिथे वॉकरमुळे आहे. वॉकर होऊन गेला हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं, म्हणूनच ते विशेषण लावावं लागलं. त्या दालनात वॉकरला मिळालेली जागा एवढीच, दुसऱ्याच्या फलकावरचं एक विशेषण.

ॲन्सनचा फलक काढून टाका असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारावरून लँडिस यांचं नाव काढलं गेलं; ते योग्यच होतं, कारण पुरस्कार हा दरवर्षी नव्याने केलेला गौरव असतो. फलक हा दस्तऐवज आहे. काढला तर ॲन्सन काय करून गेला हे सांगायला भिंतीवर काहीच उरणार नाही. वॉकरला ४२ सामन्यांच्या जोरावर हॉल ऑफ फेममध्ये घ्या, असाही माझा हट्ट नाही. त्याच्या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी फ्रँक ग्रँटला २००६ मध्ये आणि बड फाउलरला २०२२ मध्ये तिथे जागा मिळाली, ती त्यांच्या दीर्घ कारकिर्दीला साजेशीच आहे.

ब्राँझवर जागा कमी असते हे खरं. ॲन्सनच्या विजेतेपदांच्या ओळी थोड्या आवळल्या तर खाली एवढं मावेल: '१८८३ मध्ये टोलीडोत आणि १८८७ मध्ये न्यूआर्कमध्ये कृष्णवर्णीय कॅचर मोझेस फ्लीटवुड वॉकरबरोबर खेळायला नकार दिला. टोलीडोत वॉकर खेळला. न्यूआर्कमध्ये त्याला बाहेर बसवण्यात आलं.'